मगर सोडून बाकी सगळं खरं

माझ्या पोटातला खडा माझ्यापेक्षा खरं बोलतो, असं मिरजेत आता लहानथोर म्हणतात. म्हणू देत. त्र्याहत्तर वर्षं मी बोलत आलो आणि एक दिवस माझा खडा बोलला, तर लोक नव्या वक्त्याकडंच वळणार. पण खड्याला जे सांगता आलं नाही, ते सांगायला शेवटी मीच लागतो.

मी बाबालाल शिकलगार. तंबोऱ्याचा भोपळा कापायचा, त्याला गळा बसवायचा, दांडी सरसानं चिकटवायची, हे माझं काम. माझ्या दुकानासमोरच धाकट्या भावाचं, गौसचं दुकान. गौस जवारी काढतो. म्हणजे तार ज्या घोडीवर टेकते, ती अशी घासतो की तार नुसती वाजत नाही, गुणगुणत राहते. तंबोरा माझ्याकडं जन्मतो आणि त्याच्याकडं बोलायला शिकतो.

आणि आम्ही दोघं तेहेतीस वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

काम मात्र कधी थांबलं नाही. मी तंबोरा दाराबाहेर टेकवून ठेवायचा, त्यानं रस्ता ओलांडून उचलून न्यायचा. काही सांगायचं असलं तर भोपळ्याच्या पाठीवर खडूनं लिहायचं. तो लिहायचा, ‘दांडी अर्धा दोरा वाकडी.’ मी लिहायचा, ‘तुझी नजर वाकडी.’ एकदा पुसायचं राहिलं आणि धारवाडच्या एका बाईंकडं ‘गाढवा, सरस कमी लाव’ असं लिहिलेला तंबोरा गेला. बाईंचं पत्र आलं, वाद्य उत्तम आहे, उपदेशही लक्षात ठेवते.

भांडणाचं कारण अकरा दिवस.

तंबोऱ्याचे भोपळे भीमेच्या काठावर पिकतात. त्या साली ऐन पावसात मी ते आणायला निघालो, तेव्हा अब्बा अंथरुणावर होते. पण धोका काही वाटत नव्हता. उशाला टेकून बसायचे आणि मी बाहेरून आलो की विचारायचे, “काय बघून आलास?” नुसता भाव आणि वजन सांगितलं तर तोंड फिरवायचे. त्यांना गोष्ट लागायची. त्या दिवशीही म्हणाले, “भोपळे आण नाहीतर नको आणू, गोष्ट घेऊन ये.”

मी नदीकाठच्या शेतात भोपळे निवडत होतो आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं. शेताचं बेट झालं. बेटावर मी, एक बाभूळ आणि साठ भोपळे. फोन पहिल्याच दिवशी पाण्यात गेला. आणि तंबोऱ्याचा भोपळा इतका कडू की एक घास खाल्ला तर आधीचे चार बाहेर येतात. साठ भोपळ्यांच्या राशीत बसून मी अकरा दिवस उपाशी होतो. शेवटी एका होडीवाल्यानं उचललं. घरी आलो तेव्हा अब्बांना जाऊन नऊ दिवस झाले होते. दफन झालं होतं. खांदा द्यायला थोरला मुलगा नव्हता.

चाळिसाव्याच्या जेवणाला पाहुणे जमले. कुणीतरी विचारलं, “बाबालाल, तू होतास कुठं?” आणि मी सांगायला सुरुवात केली. भोपळे बांधून केलेला तराफा, बाभळीवरचे साप आणि तराफ्याभोवती रात्रंदिवस राखण करणारी नऊ फुटांची मगर. लोक हसले. मीही हसलो. गौस ताट ठेवून उठला.

“अब्बा तुझं नाव घेत गेले आणि तू मगरीचे खेळ सांगतोस? भोपळेवाल्यांकडं मटण झोडत बसला असशील. आजपासून तू मला नाहीस.”

गौस आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही. ईदचा चांद बघायला मशिदीच्या गच्चीवर त्यालाच चढवतात. गौस म्हणाला दिसला, तर दिसला. असा माणूस एकदा नाही म्हणाला की नाही.

आता खड्याकडं येतो.

पोटात यकृत पित्त तयार करतं आणि पित्ताशय नावाची पिशवी ते साठवून दाट करते. आपण जेवलो की पिशवी आवळते आणि पित्त एका नळीतून आतड्यात उतरतं. न जेवल्यास ते पिशवीतच बसून राहतं आणि आणखी दाटतं. पिशवीत एखादा कण असला तर त्याच्यावर रोज पित्ताचं बारीक पुट चढतं. तुपाचे दिवस असले की पांढुरकं, चकचकीत. उपासाचे दिवस असले की काळसर. महिना-दीड महिना आंबा चापला तर केशरी. असा खडा वर्षानुवर्षं वाढतो. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वलयं असतात ना, तशी खड्यात जेवणांची असतात.

हे पूर्वी कुणाला वाचता येत नव्हतं. मग अळी आली. अळी म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची मऊ दुर्बीण, अंग आखडत आणि लांबवत पित्ताच्या नळीत सरपटणारी. तिच्या तोंडाशी एक दिवा आहे. त्याचा उजेड खड्याच्या आत थरामागून थर शिरतो, परत येतो आणि पडद्यावर खडा न कापता त्याचा काप दिसतो. शोधली होती ती बिचारी एवढ्यासाठीच, की खडा कुठल्या जातीचा आहे आणि लेसरनं कुठं फुटेल ते कळावं. पण लोकांना दुसऱ्याच्या चुलीत डोकावायची सवय. बघता बघता खडे बोलू लागले. एका पुढाऱ्याचं गाजलेलं उपोषण त्याच्या खड्यात सापडलंच नाही, त्या आठवड्यात तिथं नुसतं तूप होतं. विटा भागात एक लग्न मोडलं, कारण शुद्ध शाकाहारी सासऱ्यांचा खडा तसा नव्हता. शेवटी सरकारला कायदा करावा लागला. खडा वाचायचा की नुसता फोडायचा, हे रोग्यानं ठरवायचं. वाचायचा असेल, तर रोगी गुंगीत असतो म्हणून त्यानं एक ऐकणारा माणूस नेमायचा. वाचन त्या माणसासमोर होईल आणि त्याच्या शेऱ्यासकट मोहोरबंद होईल.

माझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले तेव्हा मला डॉक्टर शर्वरी मगदूम यांच्याकडं नेलं. चाळिशीची बाई, बोलणं मोजकं, हात सतारियाचे असावेत तसे लांब आणि स्थिर. अळीला वाचायला शिकवणाऱ्यांत त्या होत्या.

“चाचा, तुमच्या पित्ताशयात खडा होता, तो घसरून मुख्य नळीत अडकलाय. काबुली चण्याएवढा. पिशवीही काढायची आणि नळीही मोकळी करायची, दोन्ही एकाच बैठकीत, दुर्बिणीनं. पोटाला चार भोकं. वरून अळी नळीत सोडणार आणि तोंडातून दुसरी दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नळीच्या तोंडाशी थांबवणार. वरून आम्ही एक तार सोडणार, ती खालची दुर्बीण पकडणार.”

“म्हणजे बंद भोपळ्यात तार ओवतो तसं,” मी म्हणालो. “वरून सोडायची, खालच्या भोकातून आकड्यानं धरायची. ढकलू नका बाई, बोटात फिरवत सोडा. ढकलली की तार रुसते.”

बाईंनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. “आम्हीही फिरवतच सोडतो. खडा फोडूनच काढावा लागेल, अख्खा येणार नाही. फोडण्याआधी वाचायचाय का?”

“किती मागचं दिसतं?”

“तुमचा खडा जुना आहे. पस्तीस-छत्तीस वर्षं तरी.”

मी उठूनच बसलो. अकरा दिवस माझ्या पोटात होते. तेहेतीस वर्षं साक्षीदार मी आत घेऊन फिरत होतो! आणि तो एकदा फुटला की वाळू होऊन आतड्यात जाणार, परत विचारायची सोय नाही.

कागदावर ऐकणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझी बायको मेहरुन्निसा पदर खोचून म्हणाली, “माझं लिहा. तुमच्या पोटात काय गेलं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?”

“तुला माझं पटतं. पटणाऱ्याला ऐकवून काय उपयोग?”

मी गौसचं नाव लिहिलं.

“तो यायचा नाही,” मेहरुन्निसा म्हणाली.

मी भोपळ्याच्या पाठीवर लिहून पाठवलं, ‘पोट उघडतोय. माझं खोटं बघायचं असेल तर ये.’ चार वाजता भोपळा परत आला. खाली लिहिलं होतं, ‘किती वाजता?’

ऑपरेशन सकाळी दहाला. भूल कमरेतून दिली, घशात बधिर करणारा फवारा मारला आणि थोडी गुंगी. पुरतं झोपवलं नाही, कारण वाचनाच्या वेळी रोग्यानं श्वास धरावा लागतो. श्वासाबरोबर यकृत हलतं, खडा हलतो, अक्षर पुसट होतं. एका श्वासात वीस सेकंद वाचन. माझं वय बघून बाईंनी पाच श्वास ठरवले.

गौस काचेपलीकडं बसला होता. पांढरी टोपी, इस्तरीचा सदरा, मांडीवर हात. एखाद्याचा तंबोरा परत करायला आल्यासारखा चेहरा. समोर पडदा आणि बोलायला एक माइक. आणि मी? माझ्या तोंडात नळी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल चर्चा चालू होती आणि मला मधे बोलता येत नव्हतं. मेहरुन्निसाला हे बघायला बोलावलं नाही, याचा तिला अजून राग आहे.

पिशवी सुटली. तार फिरत उतरली, खालच्या दुर्बिणीनं धरली. मग अळी आत शिरली आणि पडद्यावर माझा खडा आला. सोनेरी, काळ्या-केशरी रेघांचा. खोटं कशाला बोलू, फार देखणा होता.

“श्वास धरा,” बाई म्हणाल्या.

पहिल्या श्वासात गेली दहा वर्षं गेली. दुसऱ्यात आणखी दहा. तिसऱ्यात यंत्राचा सपाट आवाज म्हणाला, “वर्ष सत्तावीस, बेकरीचे पदार्थ अतिशय.” काचेपलीकडून गौस पुटपुटला, “नानकटाई.” चौथ्या श्वासात बाई एकदम थांबल्या.

“ही बघा. दाट काळी रेघ. संपूर्ण उपासमार, साधारण अकरा दिवस.”

माझे डोळे भरले. गौस पुढं वाकला.

“किती साली?”

यंत्र म्हणालं, “चौतीस वर्षांपूर्वी. पावसाळा.”

गौस मागं टेकला. 

“चौतीस नाही चालत बाई. अब्बा जाऊन तेहेतीस झाली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात भाईला टायफॉइड होता. दहा-अकरा दिवस पोटात काही ठरत नव्हतं. मीच पेज पाजत होतो. ती रेघ त्याची.” तो उठला. “वाटलं होतं, एकदा तरी... जाऊ दे. फोडा खडा.”

मी हात हलवला. नर्सनं माझ्यावर पांघरूण घातलं. मी बोटं नाचवली. तिनं हात धरून थोपटलं, “घाबरू नका आजोबा.” मी घाबरलो नव्हतो! मला ओरडायचं होतं की टायफॉइडची रेघ आणखी आत असेल, बघा तरी! पण तोंडात नळी. माझाच खडा मला खोटं पाडून मोकळा झाला होता. बाईंनी लेसरची तार मागितली.

गौस दारापर्यंत गेला होता. तिथून त्यानं पडद्याकडं एकदा मागं वळून पाहिलं. आणि तिथंच उभा राहिला. वाकड्या दांडीकडं बघताना तो एक डोळा बारीक करतो, तसा केला.

“बाई, जरा थांबा. हे काळे पट्टे कसले? दर वर्षाला एक दिसतोय.”

“वार्षिक उपास. महिनाभराचे. त्यांच्यावरूनच यंत्र वर्षं मोजतं.”

“यंत्राला हे मोजायला कुणी शिकवलं?”

“मीच. माझ्या आजीच्या खड्यापासून सुरुवात केली. आम्ही जैन. दरवर्षी भाद्रपदात आजीचे उपास. मग तशाच शेकडो बायकांचे खडे. उपासाचा पट्टा ठरल्या ऋतूत येतो, म्हणून सगळ्यात भरवशाचा.”

गौस काचेला नाक लावून उभा राहिला. “सतारीचे पडदे सरकवता येतात, ठाऊक आहे ना? हा पट्टा तसा सरकतोय. आतून बघत या. इथं आंब्याच्या केशरी रेघेच्या अलीकडं आहे, होळीच्या सुमाराला. पुढं थंडीत गेला. मग दिवाळीत. मग पावसात. आणि इथं, ही दोन-तीन वर्षं, आंब्यावरच चढून बसलाय. त्या वर्षी इफ्तारला आम्ही आमरस खाल्ला होता. बाई, तुमचं यंत्र आमच्या रोज्याला तुमच्या आजीचा उपास समजतंय.”

बाईंचा हात जागच्या जागी थांबला.

“रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडं सरकतो,” गौस म्हणाला. चाळीस वर्षं चांद बघणारा माणूस, त्याला कागद लागत नाही. “तेहेतीस वर्षांत रमजान चौतीस होतात. पट्टे मोजू नका. आंबे मोजा. आंबा कुणाच्याही घरी उन्हाळ्यातच येतो.”

“पुन्हा वाचावं लागेल. पाच श्वास ठरवले होते, चार झाले.” बाई माझ्याकडं वाकल्या. “चाचा, आता नुसते आंबेच मोजायचेत, तरी सगळं एका श्वासात बसणार नाही. दोन लागतील. नळी लावून बराच वेळ झालाय. जमेल?”

मी दोन बोटं वर केली.

“श्वास धरा.”

तो श्वास कसा धरला ते विचारू नका. छाती ढोलासारखी तट्ट झाली. कानात स्वतःचं रक्त ऐकू येत होतं. यंत्र आंबे मोजत होतं आणि बाई मोठ्यानं सांगत होत्या. एकोणतीस, तीस, एकतीस. “सोडा. परत धरा.” बत्तीस. तेहेतीस.

“तेहेतिसाव्या आंब्याच्या आत अकरा दिवसांची रेघ,” बाई म्हणाल्या. “आणि त्याच्याही आत, बरोबर एक वर्ष आधी, आणखी एक. दहा दिवसांची.”

“ती टायफॉइडची,” गौस म्हणाला. त्याचा आवाज घोडीवरून घसरलेल्या तारेसारखा झाला होता.

मी श्वास सोडला. झालं, माझं काम झालं असं मला वाटलं. पण यंत्राला कुठं थांबावं ते कळत नाही.

“अकरा दिवसांच्या रेघेला लागून फिकट पट्टा,” ते म्हणालं. “एकतीस दिवस. आहार निम्म्याहून कमी.”

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मेहरुन्निसालासुद्धा नाही. तिच्यासमोर ताटावर बसायचो आणि घास मांजराला जायचे. पुरातून परत आलो तेव्हा अब्बांना नऊ दिवस झाले होते. नऊ आणि एकतीस, चाळीस. गौसनं बोटांवर मोजलं, मी काचेतून बघत होतो. चाळिसाव्या दिवशी मी लोकांत बसून हसलो, मगर सांगितली, आणि त्या दिवसापासून खड्यात पुन्हा जेवण दिसतं.

बेटावर अकरा दिवस मी काय करत होतो? अब्बांसाठी गोष्ट तयार करत होतो. रिकाम्या हातानं गेलं तर चालायचं, रिकाम्या तोंडानं नाही. गोष्ट घेऊन आलो, तर ऐकणारा उठून गेलेला. इतकी मोठी मगर घेऊन माणसानं जायचं कुठं? एकतीस दिवस गिळून ठेवली, मग सांगून टाकली. तेव्हा कुठं घास उतरला.

गौसनं काचेवर हात टेकवला. मग माइकमध्ये म्हणाला, “बाई, आता फोडा. वाचून झालं. भाईला त्रास होतोय.”

भाई! तेहेतीस वर्षांनी!

लेसरची निळी ठिणगी पडली, खड्याची वाळू झाली, पाण्याच्या धारेनं ती आतड्यात उतरली. साक्षीदार गेला. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात उशीला टेकून बसलो होतो. घसा खरवडलेला, आवाज फुटत नव्हता. डोळ्यांतली हळद उतरायला लागली होती. मेहरुन्निसा पेज घेऊन आली होती. गौसनं तिच्या हातातून वाटी घेतली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

“तोंड उघड.”

मी उघडलं.

“आधी बोलायचं होतंस,” तो चमचा फुंकत म्हणाला. “उपाशी होतो म्हणून. जेवत नाहीये म्हणून. नुसतं तेवढंच सांगायचं होतंस, मगर कशाला आणलीस मधे?”

मी खुणेनं सांगितलं, घसा दुखतो.

“बरं झालं दुखतो. मला सगळं पटलंय भाई. मगर सोडून बाकी सगळं.”

तेवढ्यात डॉक्टरबाई हातात तक्ता घेऊन आल्या. माझं पोट दाबून पाहिलं, टाके पाहिले. मग गौसकडं वळल्या.

“काका, काल तुम्ही माझं यंत्र सुधारलंत. आता सगळ्यांच्या खड्यात आधी आंबे मोजायचे, असं ठरवलंय. फक्त तुमचा शेरा तेवढा राहिलाय. ऐकणाऱ्यानं लिहायचं, वाचन खरं वाटतं की नाही. आणि एक...” त्या हसल्या. “नर्स म्हणत होती, नळी काढल्यावर चाचा गुंगीत सारखी मगर मगर करत होते. खड्यात तर तसलं काही नव्हतं.”

मी गौसकडं पाहिलं. मेहरुन्निसानंही पाहिलं. चांद दिसला नसताना दिसला म्हणायला याला अख्ख्या गावानं मनवलं तरी जमलं नसतं.

गौसनं तक्ता मांडीवर घेतला. खडूची सवय, पेन दाबून दाबून लिहिलं. सही केली. मग बाईंकडं बघून, चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता म्हणाला, “खड्यात मगर कशी दिसणार बाई? भाईनं मगर खाल्ली नव्हती. मगरीनं भाईला खायचा प्रयत्न केला होता.”

“खरंच? केवढी होती?”

गौसनं पेजेचा चमचा वाटीत ठेवला आणि दोन्ही हात पसरले.

“बारा फूट.”

मी तेहेतीस वर्षं नऊच सांगत आलो होतो.